शिखर राहू द्या, वाट सांगा: एररीतल्या सोप्या वाटांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात सहज एक ओळ लिहिली होती, की वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातला एररीचा भाग, ज्याला बरेच जण अजून स्नोडोनियाच म्हणतात, तो बघायला डोंगर चढलाच पाहिजे असं काही नाही. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळी दुसरं काहीच घेत नाहीये. बहुतेक पत्रं इंग्लंडमध्ये मुलांकडे आलेल्या आईबाबांची आहेत किंवा त्या मुलांची. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी मँचेस्टरला लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलेय. वय ६६, उजव्या गुडघ्याचा त्रास आहे पण सपाटीवर तासदीड तास आरामात चालते. लेक म्हणतो तुला डोंगरातल्या रेल्वेने शिखरावर नेतो. मला मात्र चालायचंय. काय करू?

चाला. रेल्वे छानच आहे, थ्लॅनबेरिसहून ती १८९६ पासून अर विद्वाच्या, म्हणजे स्नोडनच्या, १०८५ मीटर उंच शिखराकडे जाते, पण वर ढग असला तर काचेबाहेर पांढरं सोडून काही दिसत नाही आणि तो बऱ्याचदा असतोच. तुमच्यासाठी माझ्या मनात एकच वाट आहे, माउदाख ट्रेल. डोलगेथ्लाय गावापासून बार्मथ या समुद्रकाठच्या गावापर्यंत साधारण १५ किलोमीटर. ही मुळात रेल्वेलाइन होती, १९६५ मध्ये बंद झाली, रूळ काढले आणि त्या जागी चालायची-सायकलची वाट केली. आता रेल्वेलाइन म्हटल्यावर लक्षात आलंच असेल, वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही त्यामुळे सगळी वाट जवळजवळ सपाट आहे, बाबागाडी जाते, व्हीलचेअर जाते. एका बाजूला माउदाख नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला झाडी आणि तिच्या मागे कादेर इद्रिसचा डोंगर.

१५ किलोमीटर करायची गरज नाही, तुम्ही शेवटचा तुकडा करा. मोरवा माउदाख नावाचं, किनाऱ्याच्या अजून चालू असलेल्या लाइनवरचं, एक इवलंसं स्टेशन आहे, तिथे गाडी लावता येते. तिथून खाडीवरच्या लाकडी पुलाने पलीकडे बार्मथला जायचं, दोनेक किलोमीटर होतात. हा पूल १८६७ मध्ये सुरू झाला, त्यावरून अजून रेल्वेगाड्या धावतात आणि रुळांच्या शेजारून पादचाऱ्यांची फळ्यांची वाट आहे. अर्ध्यात थांबा आणि वळून आत बघा, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. खाडी निमुळती होत डोंगरांत शिरते आणि एकामागे एक डोंगररांगा फिक्या होत जातात, शेवटची तर आभाळाचीच वाटते. तेवढ्यात गाडी आली तर पायाखालच्या फळ्या थरथरतात, घाबरू नका, कठड्याला हात लावून उभ्या राहा. मी तिथे पाऊण तास उभी होते आणि हा पाऊण तास मला शिखरावरच्या कुठल्याही पाऊण तासापेक्षा जास्त आठवतो, कारण शिखरावरून डोंगर पायाखाली असतो, दिसत नाही, इथे तो अख्खा समोर असतो.

परत येताना गुडघा कुरकुरला तर बार्मथहून रेल्वेने एकच स्टेशन मागे या. पण मोरवा माउदाखला गाडी मागणीनुसारच थांबते, म्हणजे आत असाल तर गार्डला आधी सांगायचं आणि फलाटावर असाल तर ड्रायव्हरला दिसेल असा हात करायचा, नाहीतर ती निघून जाईल. आणि शक्य झालं तर भरतीची वेळ बघून जा. भरतीला खाडी काठोकाठ भरलेली असते, ओहोटीला नुसती वाळूची बेटं. वाळूही सुंदरच दिसते पण तिच्यावर उतरायचं नाही, मधले ओहोळ पाणी चढायला लागलं की भराभर भरतात.

प्रश्न: आम्ही पुस्तकात बघून ४ किलोमीटरची ‘इझी’ वाट घेतली, चढ फारसा नव्हता, तरी सासूसासऱ्यांसोबत तीन तास लागले आणि ते दोघं दमून गेले. आमचं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, पुस्तकातल्या ‘इझी’ने फसवलं, आणि मी यातून गेलेय. माझ्या आईला मी पहिल्यांदा तिकडे नेलं तेव्हा मीसुद्धा फक्त किलोमीटर बघितले होते. वाट शेतांमधून होती, मेंढ्यांची कुरणं, आणि कुरणांच्या मधे दगडी भिंती, छातीपर्यंत उंच. त्या ओलांडायला भिंतीवर लाकडी शिडी घातलेली असते, अलीकडून चढायची आणि पलीकडून उतरायची, उलटा व्ही असतो ना तशी. सकाळी पाऊस पडून गेलेला, पायऱ्यांवर हिरवट शेवाळ, वर पोचलं की दोन्ही पाय एका वितीएवढ्या फळीवर आणि धरायला खांबाचं फक्त टोक. आई पहिली शिडी हसत चढली, दुसरी गप्प राहून चढली, तिसरीच्या वर ती बसूनच राहिली आणि मला म्हणाली, अजून किती आहेत? मला माहीतच नव्हतं. अजून तीन होत्या. चढ एकूण ३० मीटरसुद्धा नसेल, पण गुडघ्यांना त्या सहा शिड्या म्हणजे जिनाच होता.

तेव्हापासून मी सोपी वाट ओळखायची रीत बदलली. किलोमीटर शेवटी बघते. आधी बघायचं ते जमीन कशी आहे, म्हणजे खडी, माती, दगड की दलदल, आणि मग भिंती किती ओलांडायच्या. हे नकाशावरून कळतं बरं का! ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० चे नकाशे मिळतात, नारिंगी कव्हरचे एक्सप्लोरर, एररीचा बहुतेक भाग ओएल १७, ओएल १८ आणि ओएल २३ या तिघांत येतो. त्यात शेतांच्या भिंती आणि कुंपणं बारीक काळ्या रेषेने दाखवलेली असतात आणि सार्वजनिक पायवाट हिरव्या तुटक रेषेने. हिरवी रेषा जितक्या वेळा काळी रेषा कापते तितकी फाटकं किंवा शिड्या. फाटक की शिडी हे नकाशा सांगत नाही, पण दहा वेळा कापत असेल तर वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका, सरळ दुसरी वाट शोधा.

वेळेचं म्हणाल तर नेस्मिथचा १८९२ चा जुना नियम आहे, तासाला ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. तो धडधाकट माणसासाठी, न थांबता. मी साठीच्या पुढच्यांसाठी येईल ते उत्तर दुप्पट करते आणि खाण्यापिण्याचा वेळ वेगळा धरते, अजून तरी कधी उशीर झालेला नाही.

आणि शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे करून, मागे मागे उतरायचं. पुढे तोंड करून उतरायला गेलं की सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. सोबतचा माणूस आधी पलीकडे जाऊन खाली उभा राहिला पाहिजे, वरून हात धरून काही उपयोग नाही.

प्रश्न: दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाऊस. हॉटेलात बसून परत आलो. तिकडे कधी ऊन पडतं का?

पडतं, तुम्ही बसला होता तिथून अर्ध्या तासावर पडलेलं असू शकतं! वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो, डोंगर आडवे आल्यावर वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिकामा होतो. म्हणून डोंगरांच्या मधल्या केपल क्युरिग गावात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत २५ किलोमीटरवरच्या थ्लॅनडडनोच्या किनाऱ्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा. डोंगराने मधल्या मधे पाणी अडवलेलं असतं. तेव्हा डोंगरात ढग बसला असेल आणि वारा नैऋत्येचा असेल तर गाडी काढा आणि उत्तर किनाऱ्याला जा. कॉनवीचा किल्ला आणि नदीकाठ, थ्लॅनडडनोचा समुद्रकाठचा लांबलचक रस्ता, ही काही डोंगरातली वाट नाही पण दिवस वाया जात नाही, आणि दुपारी ढग उचलला की तिथूनच मागे डोंगर उघडताना दिसतो.

दुसरा पर्याय पोर्थमॅडॉगचा कॉब. हा समुद्राला घातलेला बांध आहे, १८११ मध्ये पूर्ण झाला, जवळपास दीड किलोमीटर सरळ, आणि त्याच्यावरून फेस्टिनिऑगची छोटी वाफेची गाडी जाते. ढग अर्धवट असेल तेव्हा इथे जा. आतल्या बाजूला, जिथे पूर्वी समुद्र होता, तिथे आता सपाट हिरवी जमीन आहे आणि तिच्या शेवटी क्निख्त नावाचा डोंगर, उंची ६८९ मीटरच पण इथून टोकदार सुळका दिसतो. वर बांधावर वारा फार असतो, कानटोपी हवीच, अगदीच सोसवेना तर खालच्या अंगाला रस्त्याच्या कडेने वाट आहे, तिथे बांधाचा आडोसा मिळतो पण गाड्यांचा आवाज सोसावा लागतो.

प्रश्न: मुलं ६ आणि ९ वर्षांची. सपाट वाटेवर दहा मिनिटांत कंटाळतात. थोडं काहीतरी ‘अ‍ॅडव्हेंचर’ वाटेल पण धोका नसेल असं?

आबेर फॉल्स. उत्तर किनाऱ्यावर बँगर आणि कॉनवीच्या मधे आबेरग्विनग्रेगिन गाव आहे, वरच्या पार्किंगपासून धबधबा दोनेक किलोमीटर. वाट रुंद, खडीची, हळूहळू चढणारी. शेवटी ३७ मीटरची एक सरळ पांढरी धार. मुलांना आधी आवाज ऐकू येतो आणि मग ती स्वतःच पळायला लागतात, हे मी तीन वेगवेगळ्या घरच्या मुलांबरोबर बघितलंय. परतताना समोर समुद्र आणि पलीकडे अँगलसी बेट. धबधब्याच्या पायथ्याचे दगड मात्र कायम ओले आणि भयंकर निसरडे असतात, तिथे वर चढू देऊ नका, या बाबतीत ठाम राहा.

नऊ वर्षांच्या मुलाला जरा जास्त द्यायचं असेल तर कूम इदवाल. कूम म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाडग्यासारखी दरी. ऑग्वेनच्या रस्त्यापासून इदवाल तलाव किलोमीटरभर, चढ ७० मीटरच्या आसपास, वाट दगडांनी फरसबंद केलेली. १९५४ मध्ये वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य इथे झालं. पण मुलांना ते सांगू नका, डार्विनची गोष्ट सांगा. १८३१ मध्ये तरुण डार्विन त्याचे गुरू सेजविक यांच्याबरोबर या दरीत फिरला, दोघं दगडांत जीवाश्म शोधत होते आणि दोघांनाही दिसलं नाही की ही सगळी दरीच हिमनदीने कोरलेली आहे. मग १८४२ मध्ये डार्विन परत आला आणि तेव्हा त्याला जिकडेतिकडे बर्फाच्या खुणा दिसल्या, खडकांवरचे ओरखडे, बर्फाने आणून टाकलेले मोठमोठे धोंडे. मुलांना ओरखडे शोधायला लावा. गुळगुळीत खडकावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेषा, बोट फिरवलं तर लागतात. माझ्या भाचीने पहिली रेषा शोधली आणि मग तिला तलावाकडे बघायलासुद्धा वेळ नव्हता.

तलावापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. तलावाला पूर्ण फेरी मारता येते पण मागची बाजू खडकाळ आहे आणि तिथून वर जाणारी वाट सोपी नाही.

प्रश्न: थ्लॅनद्विन बेटावर चालत जाता येतं असं ऐकलं. अडकायला होतं का?

हो, चालत जाता येतं, अँगलसीच्या न्यूबरो बीचवरून वाळूतून दीड-दोन किलोमीटर. जुनं दीपगृह आहे, संत द्विनवेनच्या देवळाचे अवशेष आहेत आणि सामुद्रधुनीपलीकडे एररीची सगळी रांग एका नजरेत मावते. ते एरवी बेट नसतंच, उधाणाच्या मोठ्या भरतीला तेवढं काही वेळ तुटतं. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या नंतरचे एकदोन दिवस सांभाळायचे, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला सहसा प्रश्न येत नाही. दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, कालची वेळ आज चालत नाही.

एक गोष्ट अगदी जपून बघा. भरतीची काही छापील कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, मग कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. कोष्टकाच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि अडकलातच तर पाण्यात पाय घालायचा नाही, वर उंचावर बसून राहायचं, पाणी उतरतं.

प्रश्न: डोलगेथ्लायजवळच्या ‘प्रेसिपिस वॉक’बद्दल सगळे सांगतात सोपी आहे, पण नावातच कडा आहे! मला उंचीची भीती वाटते.

मग तुमच्यासाठी ती सोपी नाही, कोणी काही म्हणो. चढ नाही हे खरं, साडेपाच किलोमीटरची गोल वाट, उंची जवळपास तीच राहते. पण एका बाजूला वाट अरुंद आहे आणि डोंगराचा उतार थेट दरीत जातो, खाली माउदाखची दरी दिसते. ज्यांना उंचीचं काही वाटत नाही त्यांना तिथे स्वर्ग वाटतो. वाटेच्या दुसऱ्या बाजूला तलाव आहे, तुम्ही त्या बाजूने जा, ती रुंद आणि शांत आहे, कड्याची वाट सुरू होते तिथून परत फिरा. तलावात डोंगराचं प्रतिबिंब पडतं तेवढ्यासाठी गेलं तरी चालतं. खाजगी इस्टेटच्या परवानगीने खुली असलेली वाट आहे, तेव्हा तिथल्या पाटीवर जे लिहिलंय ते पाळायचं.

प्रश्न: वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. मालक ओरडेल का?

नाही ओरडणार. सार्वजनिक पायवाटेवरून चालायचा कायद्याने हक्क आहे, जमीन कुणाचीही असो. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडा-सायकललाही चालते. पाट्यांवर वेल्श आधी असतं, थ्लुइबर कहॉएद्दीस म्हणजे सार्वजनिक पायवाट, आराव म्हणजे हळू, पेरिग्ल म्हणजे धोका. पेरिग्ल तेवढा पाठ करा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा, शेतकऱ्याने ते विचार करून ठेवलेलं असतं. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, भले चिखलातून जावं लागो. उन्हाळ्यात नेच्याचं रान कमरेएवढं वाढतं, त्यातून गेलात तर रात्री पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड बघा.

प्रश्न: आई-बाबा डिसेंबरमध्ये येतायत. तेव्हा जायचं का? आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा?

जा, पण घड्याळ लावून. जूनअखेरीला तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारलाच. डोंगराच्या सावलीतली दरी तर तीनलाच गार पडते. म्हणून मी हिवाळ्यात दीड वाजता कुठेही असो तिथून मागे फिरते, पुढे कितीही छान दिसत असलं तरी. खिशात टॉर्च, मोबाइलचा नाही, वेगळा, थंडीत मोबाइलची बॅटरी भसकन उतरते.

फोन ९९९ ला किंवा ११२ ला, आणि आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. नुसतं अ‍ॅम्ब्युलन्स म्हणालात तर ती रस्त्यावरच थांबेल. रेस्क्यूची माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, म्हणून संकोच करू नका, पण बिनकामाचंही बोलवू नका. दरीत रेंज नसते, कधी कधी मेसेज तेवढा जातो. त्यासाठी निघायच्या आधी घरूनच, ब्रिटनमधल्या सिमवरून, इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा मेसेज ९९९ ला पाठवून ठेवायचा आणि मग येणाऱ्या उत्तरालाही हो म्हणायचं, तरच ते चालतं. आणि शिट्टी ठेवा. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. आईबाबांच्या गळ्यात एकेक द्या, ते मागे राहिले तरी तुम्हाला कळेल.